अनंत नाकारणारी रोपवाटिका

गेल्या वर्षी मे महिन्यात, नव्या घराच्या अंगणासाठी रोपे घ्यायला मी इंदूरच्या वेशीवरील एका रोपवाटिकेत गेले, तेव्हा माझ्या यादीत पहिले नाव अनंताचे होते. आजीच्या रत्नागिरीच्या घरी न्हाणीशेजारी अनंत होता आणि आपल्याही दारी तो असावा, एवढेच माझे कारण. मालकांनी यादी वाचली, अनंतावर बोट ठेवले आणि म्हणाले, “मैडम, ये नहीं दूँगा। आपकी काली मिट्टी में रोता रहेगा।” समोरच अनंताची दहा-बारा रोपे कळ्यांसकट मांडलेली होती. ती कोणासाठी, असे विचारल्यावर कुंडीत लावणाऱ्यांसाठी, असे उत्तर मिळाले. हाती आलेले गिऱ्हाईक असे परतवणारा विक्रेता मला नवा होता, म्हणून त्यांची घर पाहून रोपे सुचविण्याची सेवाही घेतली. आज त्याला दीड वर्ष झाले असल्याने अनुभव लिहायला हरकत नाही. पुढे तक्रारही करायची आहे, म्हणून रोपवाटिकेचे नाव देत नाही.

घरी येण्याचे पाचशे रुपये घेतात आणि चार हजारांच्या वर खरेदी झाल्यास ते बिलातून वळते करतात. आमचा भूखंड तीस बाय पन्नास फुटांचा आहे. पुढे दहा फुटांची मोकळी जागा, उत्तरेच्या कुंपणालगत पाच फुटांचा पट्टा आणि मागे थोडी फरसबंदी, एवढाच काय तो विस्तार. मालक आले ते रोपांची चित्रे न दाखवता कुदळ मागू लागले. त्यांनी दीड फूट खोल खड्डा खणवला, संध्याकाळी तो पाण्याने भरवला आणि सकाळी पातळी कळवा, असे सांगून ते निघून गेले. सकाळी खड्ड्यात टीचभर पाणी तसेच उभे होते. पुढची सगळी निवड त्या टीचभर पाण्यावरून ठरली, आणि माझ्या मते पाचशे रुपये तेथेच वसूल झाले.

माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगून घट्ट मिटते. येथे वर्षाला साडेनऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत, त्यामुळे ज्याला निचरा हवा ते झाड श्रावणातच मुळांशी कुजू लागते. आपण हौसेने मोठा खड्डा घेऊन त्यात भुसभुशीत खतमाती भरतो, तेव्हा खरे तर चिकणमातीत एक हौद तयार करतो, कारण आजूबाजूचे पाणी त्यातच उतरते आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. म्हणून त्यांनी खड्डे घेऊच दिले नाहीत. मुरूम, जुनी माती आणि कंपोस्ट यांचे दीड फूट उंचीचे उंचवटे करून त्यांवर रोपे लावली. मी वाळू मिसळण्याविषयी विचारले, तर थोडी वाळू चिकणमातीत घातल्याने निचरा सुधारत नाही, उलट माती विटेसारखी आवळते, असे ते म्हणाले, आणि ते बरोबर आहे. कंपोस्ट मात्र त्यांनी सढळ हाताने घातले. ज्या शहरात अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात काम करून ‘इंदूर पद्धत’ या नावाने जगभर गेलेली कंपोस्टची रीत बसवली, त्या शहरात कंपोस्टला हात आखडावा तरी कशाला?

अनंताच्या बाबतीत त्यांचे म्हणणे तपासून पाहण्याचा हट्ट मी केलाच. दुसरीकडून एक रोप आणून ते जमिनीत लावले. दिवाळीपर्यंत त्याची नवी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. ही लोहाच्या कमतरतेची खूण असते. आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असते, पण मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचे माप) साडेसात-आठच्या घरात असला की ते मुळांना घेता येत नाही. नुसते हिराकस (लोहाचे साधे क्षार) घातले तर तेही मातीत लवकरच अडकून पडते. बाजारात मिळणारे ईडीटीए प्रकारचे चिलेटेड लोह (मातीत अडकू नये म्हणून दुसऱ्या रसायनात गुंफलेले लोह) साडेसहाच्या वरच्या सामूत फारसे टिकत नाही, त्यासाठी ईडीडीएचए प्रकारचे लागते आणि ते महाग पडते. शेवटी मी ते रोप कुंडीत हलवले आणि मालकांना फोन करून हार कळवली. ते हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

पुढच्या अंगणासाठी त्यांनी प्राजक्त, कांचन, दोन तगरी, फाटकावर मधुमालती आणि उन्हाच्या कोपऱ्यात मोगरा सुचविला. प्राजक्त तर मध्य भारतातल्या डोंगरउतारांवर आपोआप वाढणारे झाड असल्याने उंचवट्यावर तो पहिल्याच शरदात फुलला, आणि देवपूजेच्या फुलांचा प्रश्न सुटला. दारात सावलीसाठी फायकस लावावा, असा आमच्या यजमानांचा आग्रह होता, तो त्यांनी साफ मोडून काढला. अशा झाडांची मुळे गटारांत शिरतात, शिवाय काळ्या मातीतले पाणी मोठे झाड शोषून घेते तेव्हा ती माती आकसते आणि पायाजवळच्या भिंतीला तडे जाऊ शकतात. अशोकाबद्दलही त्यांनी सावध केले. आपल्याकडच्या रोपवाटिकांत अशोक म्हणून उंच, निमुळता आसोपालव दिला जातो आणि केशरी-लाल फुलांचा सीता अशोक वेगळाच असतो. हे ज्ञान त्यांनी पाट्यांवरही लिहिले असते तर बरे झाले असते, पण त्यांच्या रोपांवर नावाच्या चिठ्ठीखेरीज काहीही नसते. झाड पूर्ण वाढल्यावर किती उंच आणि किती रुंद होणार, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

त्यांनी स्वतःहून न विचारलेली एक गोष्ट अधिक गंभीर आहे. आमच्याकडे तीन वर्षांची नात असते. त्यांनी मागच्या सावलीसाठी डायफेनबेकिया हे शोभेच्या पानांचे झाड आणि कुंपणासाठी कण्हेर दिली, पण घरात लहान मूल आहे का, हे विचारले नाही. डायफेनबेकियाच्या रसातील सुईसारखे स्फटिक तोंडात गेल्यास जीभ-ओठ सुजतात आणि कण्हेरीचा तर प्रत्येक भाग विषारी असतो. मी दोन्ही परत केल्या. त्यांनी कुरकुर न करता बदलून दिल्या, परंतु रोपे घरात आल्यावर मी वाचत बसावे, हा काही सल्ल्याचा क्रम नव्हे.

आता मुख्य तक्रार. पाहणी मे महिन्यात झाली आणि उत्तरेच्या पट्ट्यावर तेव्हा सकाळ-संध्याकाळ छान ऊन येत होते. कर्कवृत्त उज्जैनच्या थोडे उत्तरेकडून जाते, त्यामुळे जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि उगवता-मावळता तो उत्तरेकडे झुकलेला असतो. डिसेंबरात मात्र तो दुपारीही क्षितिजापासून ४४ अंशांच्या वर चढत नाही, म्हणजे वीस फूट उंच घराची सावली उत्तरेला एकवीस फुटांवर पोहोचते आणि पाच फुटांचा पट्टा दिवसभर अंधारात राहतो. त्या पट्ट्यात त्यांनी तीन जास्वंदी लावून दिल्या. दिवाळीनंतर त्यांची फुले थांबली, फांद्या लांबट झाल्या आणि पांढऱ्या पिठ्या ढेकणाने त्या झाकून टाकल्या. इतकी वर्षे या शहरात रोपे विकणाऱ्या माणसाने घराची उंची आणि दिशा पाहून हे सांगायला हवे होते.

रोपांचा दर्जा चांगला आहे. पिशवी उतरवून पाहिली तर मुळे वेटोळी घातलेली नव्हती, आणि ही परीक्षा आपल्यासमोर करून दाखवायला ते नकार देत नाहीत. दर नेहमीच्या बाजारापेक्षा थोडे चढे आहेत, पण अठरा रोपांपैकी सतरा जगली, तेव्हा त्यावर मी काही बोलणार नाही. मोसमात घरी येण्यासाठी आठ-दहा दिवस थांबावे लागते.

उत्तरेच्या पट्ट्यातल्या जास्वंदी आता मी गच्चीवर नेल्या आहेत. त्या जागी काय लावावे, हे सांगायला त्याच मालकांना पुन्हा बोलावले आहे, आणि तारीख मुद्दाम डिसेंबरातली घेतली आहे.