बे एरियात मुलांना शिकवायचंय: रीडिंग पार्टनर्स, ८२६ व्हॅलेन्सिया की घरबसल्या?

एच-फोर, म्हणजे जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या व्हिसावर, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियात फ्रीमाँट-सनीव्हेलकडे आलेल्या अनेकांपुढे एक प्रश्न असतोच: वर्क परमिट येईल तेव्हा येईल, तोवर करायचं काय? इथल्या मुलांना विनामोबदला शिकवणं हा चांगला पर्याय आहे. पण या एका नावाखाली फार वेगवेगळी कामं येतात. नको तिथे नाव नोंदवलं की महिन्याभरात उत्साह मावळतो. नवख्या माणसाने रीडिंग पार्टनर्सपासून सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

ही संस्था १९९९ मध्ये मेन्लो पार्कमध्ये सुरू झाली. वाचनात मागे पडलेली किंडरगार्टन ते चौथीची मुलं, एका वेळी एकच मूल, पंचेचाळीस मिनिटं. धडा आखलेला असतो, साहित्य हातात मिळतं आणि अडलं तर विचारायला संस्थेचा माणूस त्याच खोलीत असतो. शिकवण्याचा अनुभव लागत नाही. सुरुवातीला तुम्ही मुलाला गोष्ट वाचून दाखवायची, मग त्या दिवसाचा धडा. एमडीआरसी या संशोधन संस्थेने २०१२-१३ च्या शालेय वर्षात १९ शाळांमध्ये हा कार्यक्रम तपासला. यातली मुलं तुलनेच्या गटापेक्षा दीड ते दोन महिन्यांच्या अभ्यासाइतकी पुढे गेली होती. आकडा छोटा वाटेल, पण त्या दुसऱ्या गटातल्या बऱ्याच मुलांनाही इतर काही ना काही मदत मिळत होती.

तोटे दोन. चौकट घट्ट आहे; 'मी माझ्या पद्धतीने शिकवीन' म्हणणाऱ्याचा तिथे जीव गुदमरतो. आणि अगदी लहान मुलांबरोबर अक्षरांचे आवाज घोटून घ्यावे लागतात. आपण व्हेस्ट आणि वेस्ट बहुतेक एकसारखंच म्हणतो, तिथे आधी स्वतः सराव करावा लागतो. त्याचं दडपण मात्र घेऊ नका. एवढ्यासाठी कुणी परत पाठवत नाही.

८२६ व्हॅलेन्सियाची तऱ्हाच निराळी. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात २००२ मध्ये डेव्ह एगर्स आणि निनिव्हे कॅलेगारी यांनी ती सुरू केली. त्या जागेत दुकान असणं नियमानुसार भाग होतं, म्हणून त्यांनी चक्क समुद्री चाच्यांच्या सामानाचं दुकान थाटलं आणि मागे शिकवणी. काम मुख्यतः लेखनाचं, मुलं सहा ते अठरा वर्षांची. शाळा सुटल्यावर गृहपाठाला मदत असते, आणि सकाळी शाळेचे वर्ग सहलीला येतात. सगळा वर्ग मिळून एक गोष्ट रचतो, ऐन उत्कंठेच्या जागी ती थांबते आणि शेवट प्रत्येकाने आपापला लिहायचा. परत जाताना प्रत्येकाच्या हातात बांधलेलं पुस्तक असतं. हे एकदा बघाच, पुढे तिथे काम करा किंवा नका करू.

इथे गोंगाट असतो आणि चौकट सैल. गृहपाठाच्या वेळी कोणता विषय समोर येईल सांगता येत नाही. गणित आलं तर आपला हात शिवशिवतो, पण जपून. २३ गुणिले १४ हे मूल २० व ३ आणि १० व ४ अशी फोड करून, चार चौकोन आखून करतं: २००, ८०, ३०, १२, बेरीज ३२२. त्याला आपली हातच्याची रीत दाखवली तर उत्तर येतं, पण उद्या वर्गात बाई विचारतात तेव्हा त्याला सांगता येत नाही. आधी त्याची पद्धत त्याच्याकडूनच समजून घ्या. उत्तर पटकन सांगून मोकळं व्हायची सवय असलेल्यांना हेच सगळ्यात जड जातं. शिवाय फ्रीमाँटहून बार्ट या लोकल रेल्वेने जायला-यायला निम्मा दिवस मोडतो. सॅन होजेकडे राहणाऱ्याने तर हा विचार सोडूनच द्यावा. मोठ्या मुलांची आणि लेखनाची ओढ असेल, घर शहरात असेल, तर मात्र मी रीडिंग पार्टनर्सआधी हेच सुचवेन.

घरबसल्या करायचं तर अपचीव्ह आहे. कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं अडलं की प्रश्न टाकतात, तुम्ही चॅट आणि ऑनलाइन फळ्यावर सोडवायला मदत करता. आधी विषयाच्या चाचण्या पास व्हाव्या लागतात. बीजगणित किंवा भौतिकशास्त्र पक्कं असलेल्या इंजिनिअरला हे सोयीचं आहे. पण तेच मूल पुन्हा भेटेल याचा भरवसा नाही, आणि एकटेपणा घालवायला निघालेल्या माणसाने पुन्हा लॅपटॉपसमोरच बसावं, हे मला पटत नाही.

आता कागदपत्रं. वर्क परमिट नसेल तर जागा खरोखर विनामोबदला असायला हवी, संस्था ना-नफा हवी आणि मानधनही घ्यायचं नाही. अमेरिकॉर्प्स या सरकारी सेवा-कार्यक्रमाच्या भत्त्याच्या जागा नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठीच असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. एखादा खासगी क्लास 'स्वयंसेवक' म्हणून बोलावत असेल तर सरळ नाही म्हणा. नफ्याच्या धंद्यात फुकट राबणंही नोकरीत धरलं जाऊ शकतं. शंका असेल तर वकिलाला विचारा.

शाळांमध्ये बोटांचे ठसे, ज्याला इथे लाइव्ह स्कॅन म्हणतात, आणि टीबीची तपासणी बहुधा मागतात. भारतात जन्म म्हटल्यावर प्रश्नावलीवर काम भागत नाही, चाचणी करावीच लागते. आपल्या दंडावर टीबीच्या बीसीजी लसीची खूण असल्याने कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, आणि मग एक्स-रे वगैरे लचांड मागे लागतं. रक्ताची चाचणी मागून घ्या, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही.

नाव नोंदवायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात, शाळा सुरू होताना. डिसेंबरात भारतवारी ठरली असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा, म्हणजे तेवढ्या आठवड्यांसाठी त्या मुलाला दुसरं कुणी मिळतं.