दांगदुत की क्रोंचोंग : इंडोनेशियन गाणी कुठून ऐकायला घ्यावीत?

इंडोनेशियन गाण्यांची सुरुवात कुठून करू, असं कुणी विचारलं की मी उलट विचारतो : तुमचा जीव ढोलकीत रमतो की भावगीतात?

ढोलकी म्हणालात तर दांगदुत. नावच तालातून आलंय. 'दांग' आणि 'दुत' हे तिथल्या तबल्यासारख्या जोडवाद्याचे बोल. मलय चालींमध्ये आपल्या हिंदी सिनेमाची गाणी इतकी मुरली आहेत की बासरीचा एखादा तुकडा कानाला थेट ओळखीचा वाटतो. १९७०च्या दशकात गायक रोमा इरामा यांनी त्यात इलेक्ट्रिक गिटार आणि नीतीधर्माचे शब्द आणले. माझ्या मते सुरुवात इथूनच करावी. भाषा शिकायची असेल तर हे आणखी सोयीचं, कारण ही गाणी इंडोनेशियनमध्ये आहेत.

पुढे पूर्व जावात दांगदुतची लय चढली आणि कोप्लो हा त्याचा वेगवान प्रकार आला. त्यातली पुष्कळ गाणी जावानीज भाषेत आहेत, म्हणून शब्दांसाठी नको, अंग हलवण्यासाठी ऐका. कार्यक्रमाचं चित्रण मिळालं तर नुसतं गाणं ऐकू नका, तेच बघा. प्रेक्षक नाचत नाचत मंचावर जातो आणि गायिकेच्या हातात एकेक नोट ठेवत राहतो. त्याला 'सावेरान' म्हणतात. आपली दौलतजादाच ती! आणि लावणीच्या वाट्याला आलेलं नाक मुरडणंही दांगदुतला चुकलेलं नाही. २००३मध्ये गायिका इनुल दारातिस्ताच्या गिरमिटासारख्या कंबर फिरवण्यावरून देशभर वादळ उठलं. खुद्द रोमा इरामा तिच्या विरोधात उभे राहिले. मला ते पटलेलं नाही. त्याच कोप्लोतून पुढे आलेली व्हिया व्हालेन २०१८च्या जकार्ता आशियाई खेळांच्या उद्घाटनात गायली, याचा म्हणूनच फार आनंद वाटतो.

भावगीत म्हणालात तर क्रोंचोंग. दांगदुतच्या अगदी उलट. पोर्तुगीज वळणाची छोटी तंतुवाद्यं, सोबत व्हायोलिन आणि बासरी, आणि चेलो मात्र गजाने न वाजवता बोटांनी छेडलेला, ढोलासारखा. जकार्ताजवळच्या तुगूमध्ये १६६१पासून वसलेल्या पोर्तुगीज भाषक ख्रिस्ती वस्तीने हे संगीत जपलं. गोव्याचा मांडो आवडणाऱ्याला त्यात नातं जाणवेल. गीतकार गेसांग यांनी १९४०मध्ये सोलो नदीवर बांधलेलं गाणं आधी ऐका. पण ओळीने चार गाणी लावली की चाल एकसारखी वाटायला लागते, हेही खरं.

दोन्हींपैकी काहीच ठरत नसेल तर गायक दिदी केम्पोत. क्रोंचोंगचा संथपणा आणि दांगदुतचा ठेका यांची त्याने घातलेली सांगड जावानीजमध्ये आहे, विषय बहुतेक विरहाचा. २०२०मध्ये तो गेला. त्याआधीच्या वर्षभरातल्या मैफिली शोधा. विशीतली पोरं डोळे पुसत पुसत नाचताना दिसतील.