सीडरच्या मांडवाचा एक पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

फोंडा तालुक्यातील आमच्या घरामागे, कुळागराच्या (पोफळी-नारळाच्या बागेच्या) कडेला, वेल चढवण्यासाठी आणि खाली बसण्यासाठी गेल्या मे महिन्यात वेस्टर्न रेड सीडर या कॅनडाहून येणाऱ्या लाकडाचा मांडव उभा केला. पूर्ण पावसाळा आणि त्यानंतरचे कोरडे महिने पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, हे लाकूड गोव्याच्या हवेत चांगले टिकते. त्रास होतो तो लोखंडाचा आणि सांध्यांत साचणाऱ्या पाण्याचा.

कोरड्या सीडरचे वजन घनमीटरला साधारण ३७० किलो, सागवानाचे ६५०च्या आसपास. त्यामुळे वासे वर चढवणे अगदी सोपे गेले. दमटपणानुसार फुगणे-आकसणेही कमी असल्याने एकही वासा पिळला नाही. कुजण्याला दाद न देण्याचा गुण मात्र लालसर गाभ्याचा आहे, कडेच्या फिकट लाकडाचा नाही, आणि वाळवीच्या बाबतीत तर गाभ्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. लाकूड इतके मऊ आहे की नख रुतते. म्हणून बोल्टखाली रुंद वायसर घालावा आणि टोकाजवळ स्क्रू पिळण्यापूर्वी ड्रिलने भोक पाडून घ्यावे. याच्या भुशातील प्लिकॅटिक आम्लाने दमा होऊ शकतो. आमच्या मेस्तांनी (सुतारांनी) नाकाला फडके बांधून काम भागवले, परंतु तेवढे पुरेसे नाही. चांगला मास्क हवाच.

मेस्तांनी नेहमीच्या सवयीने जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू वापरले होते. पहिल्याच पावसात प्रत्येक स्क्रूखाली शाईसारखे काळे ओघळ उतरले, कारण सीडरमधील टॅनिनसारख्या द्रव्यांचा लोखंडाशी संयोग होऊन काळा रंग तयार होतो आणि मुलामा पिळताना खरवडला की आतले लोखंड उघडे पडते. डाग रंध्याने तासून काढण्याचा सल्ला अनेकांनी दिला. तो मला पटला नाही, कारण लोखंड आत राहिले तर डाग पुन्हा येणारच. सगळे स्क्रू काढून त्याच जागी किंचित जाड, ३१६ दर्जाचे, म्हणजे गंजाला अधिक दाद न देणाऱ्या स्टेनलेस स्टीलचे, स्क्रू बसवले. त्यानंतर लिटरभर कोमट पाण्यात साधारण ५० ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल विरघळवून ते प्लास्टिकच्या ब्रशने लावले आणि थोड्या वेळाने भरपूर पाण्याने धुतले. डाग जवळजवळ पूर्ण गेले. हे आम्ल विषारी आहे. हातमोजे व चष्मा घालावा आणि धुतलेले पाणी झाडांच्या मुळांशी सोडू नये.

दुसरी दुरुस्ती सांध्यांची. तुळया एकमेकींत बसवण्यासाठी निम्मी जाडी कापून केलेल्या खाचा काही ठिकाणी सैल झाल्या होत्या आणि भुसा व सरस कालवून त्या लिंपल्या होत्या. उन्हापावसात हे लिंपण तडकून सुटते आणि मागे राहिलेल्या फटीत पाणी मुरत राहते. ते पटाशीने खरवडून काढले, सीडरचीच पातळ पट्टी रेषांची दिशा जुळवून इपॉक्सीने चिकटवली आणि खाच गुण्या (काटकोन पाहण्याचे साधन) लावून नव्याने कापली. तुळयांच्या सपाट माथ्यांना रंध्याने हलका उतार दिला; ते काम सुरुवातीलाच केले असते तर अर्ध्या तासाचे होते. (चवथीच्या माटोळीला, म्हणजे गणपतीवर फळाभाज्या टांगण्याच्या चौकटीला, याच मांडवावरची दोडकी बांधली, तेव्हा भिजलेल्या वेलांचे ओझे किती असते तेही कळले.)

खांब सरळ काँक्रीटवर टेकवले होते, ही सर्वांत गंभीर चूक. कापलेल्या टोकातून लाकूड पाणी वर शोषते, आणि सप्टेंबरपर्यंत बुंध्याशी काळपट मऊपणा आला होता. मांडवाला टेकू देऊन खराब भाग कापला, टोकांना इपॉक्सी पाजली आणि खाली स्टेनलेस स्टीलच्या बैठका बसवून खांब जमिनीपासून वर उचलले. आता खालून वारा खेळतो.

व्हार्निशचा थर महिन्यांतच पोपडे धरू लागल्याने तो काढून लाकडात मुरणारे तेल लावले. तेलही उन्हातला राखाडी रंग फार काळ रोखत नाही. मला तो रंग आवडतो, ज्यांना लालसरपणाच हवा असेल त्यांना दरवर्षी तेलाचा हात द्यावा लागेल.

आयात माल असल्याने खर्च हलका नाही. नव्याने बांधायचे झाल्यास मी वासे आणि रीपा सीडरच्याच घेईन, मात्र खांबांसाठी जुन्या घराचे निघालेले सागवान शोधीन.