पेप्टाइड चांगलं, लेबल कागदी

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण चूक त्यांनी शेवटी भरून दिली. पण बेळगावात पावसाळ्यात पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बनवून मागवणार असाल, तर आधी हे वाचा.

माझं काम स्टॅफिलोकोकस ऑरियस या जिवाणूच्या अल्फा टॉक्सिन नावाच्या विषावर. त्याचे सात रेणू गोलाकार जमतात आणि पेशीच्या पडद्याला आरपार भोक पाडतात. या गोलाची रचना १९९६ सालीच प्रसिद्ध झाली. दिसायला अगदी अळंबी. छत्रीची खालची कड पडद्याला टेकते, तिथेच चिकटेल असं १२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड मी लॅपटॉपवर बेतलं. ऋण भार असेल तिथे धन भाराचं लायसिन, खळग्यात जाडजूड ट्रिप्टोफॅन. लॅपटॉपवर सगळं बसतंच म्हणा.

ऑर्डर दोन कुप्यांची होती. एकात माझं पेप्टाइड आणि दुसऱ्यात तीच १२ आम्लं, पण क्रम विस्कटलेला. हे दुसरं हवंच, नाहीतर परिणाम क्रमामुळे झाला की नुसत्या भारामुळे, ते कसं कळणार? फोनवरच्या माणसाला हे लगेच समजलं. शेवटचं टोक अमाइड करायचं का, असंही त्याने विचारलं, आणि बनवताना मागे राहणारं ट्रायफ्लुरोॲसिटेट पेशींना बाधतं म्हणून ॲसिटेट क्षार करून देतो म्हणाला. इथपर्यंत पाच तारे.

जुलैत पार्सल आलं. शहापुरात गुडघाभर पाणी, आणि कुरिअरवाला दारातूनच ओरडला, ‘मॅडम, पार्सल भिजलंय की वो!’ भिजलं होतं ते मात्र आतून. कोरडी पावडर चार दिवस गरमीतही टिकते, तरी यांनी बर्फाची पिशवी घातलेली. तिला घाम फुटला. एका कुपीवरचं छापील लेबल निळा डाग झालेलं, दुसऱ्याचं सुटून पिशवीच्या तळाशी. दोन्ही कुप्यांत कापसासारखी तीच पांढरी पावडर.

वजनावरून ओळखू म्हटलं, तर आम्लं तीच म्हणजे रेणूचं वजनही तेच. मास स्पेक्ट्रमच्या दोन्ही कागदांवर एकच आकडा! एचपीएलसीवर, म्हणजे द्रावण स्तंभातून ढकलून रेणू वेगळे करणाऱ्या यंत्रावर, दोघं वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात खरं, पण त्या वेळा त्यांच्या स्तंभावरच्या आणि त्यांच्या द्रावणाच्या. आमचा स्तंभ वेगळा, तो काय सांगणार.

मी सरांना म्हटलं, ‘दोन्ही रक्तावर लावून बघते. टॉक्सिन थांबवेल ते आपलं.’ सर चष्मा काढून म्हणाले, ‘म्हणजे जे काम करेल ते खरं, आणि मग खरं ते काम करतं असं लिहायचं?’ मी गप्प बसले.

कंपनीला फोटो पाठवले. आधी ‘ग्राहकाच्या हाताळणीत’ वगैरे ऐकून घ्यावं लागलं. मग कुपी उघडायच्या आधीच काढलेला फोटो पाठवला, तेव्हा सूर बदलला. १७ दिवसांनी नव्या कुप्या आल्या, पैसे न घेता. त्यातही एक खोट: कुपीवर ५ मिलिग्राम लिहिलंय, पण त्यात क्षार आणि पाणी धरलेलं. निव्वळ पेप्टाइड किती, हे मेल करून विचारावं लागलं. ९५ टक्के शुद्धता म्हणजे ९५ टक्के पेप्टाइड नव्हे, हे कळायला मला आधीच्या ऑर्डरीत एक पूर्ण प्रयोग फुकट घालवावा लागला होता.

मालाबद्दल मात्र तक्रार नाही. सशाचं रक्त घेतलं, कारण माणसाच्या लाल पेशींपेक्षा सशाच्या पेशी या टॉक्सिनला फार लवकर फुटतात. टॉक्सिन घातल्यावर विस्कटलेल्या पेप्टाइडची नळी तासाभरात वरपासून खालपर्यंत कोकम सरबत झाली, म्हणजे पेशी फुटल्या. माझ्या पेप्टाइडच्या नळीत पेशी तळाशी बसलेल्या, वरचं पाणी फिकट गुलाबी. म्हणजे पूर्ण थांबवलं नाही. थोडी गळती आहेच. सर म्हणाले, तीनदा करून दाखव.

साडेतीन तारे. पुढच्या ऑर्डरवर लिहून दिलंय: बर्फ नको, लेबल प्लास्टिकचं, वरून टेप.