एका सुईचं भरतकाम मशीन: काही महिने शिकवल्यानंतर

आमच्या शिवणवर्गात एका सुईचं संगणकीय भरतकाम मशीन गेले काही महिने जवळपास रोज चालतंय. माझं मत आधीच सांगते. हा व्यवसाय शिकायला ते उत्तम आहे, मोठ्या ऑर्डरी उरकायला नाही.

रंग बदलला की मशीन थांबतं आणि दोरा हाताने ओवावा लागतो. बहुसुई मशीनवर हे आपोआप होतं. पण शिकणारीच्या लक्षात इथेच येतं, की एक रंग डिझाइनमध्ये तीन ठिकाणी विखुरला असेल तर तीनदा थांबावं लागतं. मग ती रंगांचा क्रम स्वतःच लावू लागते.

सगळ्यात जास्त वेळ जातो हूपवर, म्हणजे कापड धरून ठेवणाऱ्या चौकटीवर, आणि तो जायलाच हवा. कापड हूपमध्ये घट्ट बसावं, पण ओढलेलं नको. ओढलेलं कापड हूपमधून सुटलं की मूळ मापावर येतं आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. टी-शर्टसारख्या ताणल्या जाणाऱ्या कापडाखाली कायम राहणारं कट-अवे स्टॅबिलायझर (कापडाला आधार देणारा थर) आणि गोलसर टोकाची बॉलपॉइंट सुई लागते. घट्ट विणीच्या सुती कापडाला फाडून काढायचं टेअर-अवे चालतं. टॉवेलवर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म घातली नाही तर टाके त्याच्या लुपांमध्ये बुडतात.

कोणी नमुना दाखवायला आणला की मी आधी तो उलटा करते. सॅटिन टाक्याच्या, म्हणजे शेजारी शेजारी दाट घातलेल्या टाक्यांच्या, पट्टीच्या मागे मधोमध साधारण एक तृतीयांश रुंदीत बॉबिनचा, म्हणजे खालचा, दोरा दिसला, तर टेन्शन (दोऱ्याचा ताण) बरोबर. तोच दोरा पुढून डोकावत असेल तर वरचं टेन्शन जास्त आहे किंवा बॉबिन सैल आहे. नेहमीच्या 40 वजनाच्या (म्हणजे जाडीच्या) दोऱ्याला 75/11 मापाची सुई छान चालते. मेटॅलिक दोरा मात्र सारखा तुटायचा; 90/14 सुई लावून वेग कमी केल्यावर कटकट मिटली.

सोबत आलेल्या सॉफ्टवेअरने मात्र निराशा केली. चित्रावरून आपोआप डिझाइन बनवायची सोय आहे, पण तिने बनवलेला गोल कापडावर लंबगोल होतो. टाके ज्या दिशेने जातात त्या दिशेने कापड आत ओढलं जातं, म्हणून त्या बाजूला आकार थोडा वाढवून ठेवावा लागतो आणि खाली आधाराचे टाकेही नीट आखावे लागतात. ही जाण हाताने डिजिटायझिंग, म्हणजे चित्राचं टाक्यांत रूपांतर, केल्याशिवाय येत नाही, म्हणून मी ती आपोआप सोय वर्गात वापरूच देत नाही. आणखी एक: डीएसटी या भरतकाम मशीनच्या डिझाइन फाइलमध्ये दोऱ्याचे खरे रंग साठवलेले नसतात. त्यामुळे प्रत्येक फाइलसोबत रंगांचा कागद ठेवायची सवय आम्ही पहिल्यापासून लावतो.

तयार टोप्यांवर काम करायचं असेल तर हे मशीन घेऊ नका. त्याचा हूप सपाट आहे, आणि टोपीची गोलाई त्यात नीट बसत नाही.