अ‍ॅक्सेप्टचे सतरा अल्बम : क्रमाने ऐकल्यानंतरचा अनुभव

जर्मनीतील सोलिंगेन शहरात घडलेल्या अ‍ॅक्सेप्ट या हेवी मेटल बँडचे १९७९ ते २०२४ या काळातले सर्व सतरा स्टुडिओ अल्बम गेले अनेक महिने मी प्रकाशनाच्या क्रमाने ऐकतो आहे. कामावर जाता-येता हेडफोनवर आणि सुट्टीच्या दिवशी घरच्या स्पीकरवर, असा हा उपक्रम चालला. गाजलेल्या गाण्यांच्या संकलनातून हा बँड जेवढा कळतो, त्यापेक्षा कितीतरी अधिक तो क्रमाने ऐकल्यावर कळतो, कारण संकलनात चुकलेली वळणे वगळलेली असतात. या ऐकण्यातून माझे एक मत पक्के झाले. अ‍ॅक्सेप्टचा आवाज दोन विरुद्ध गोष्टींवर उभा आहे : वर खरवडल्यासारखा, करकरीत गायक आणि खाली कवायतीइतके शिस्तबद्ध गिटारवादन व पुरुषांचा खर्जातला समूहस्वर. या दोहोंतला ताण जिथे टिकला तिथे हा बँड अजोड आहे आणि जिथे तो सैल झाला तिथे तो इतर अनेकांसारखा ऐकू येतो.

सोलिंगेनचे नाव आपल्याकडेही वस्तरे आणि कात्र्यांमुळे पुष्कळांना ठाऊक असते. त्या औद्योगिक शहरात जमलेले गायक उडो डिर्कश्नायडर, गिटारवादक वोल्फ हॉफमन आणि बासवादक पीटर बाल्टेस हे या बँडचे मूळ आधार. १९७९ चा पहिला अल्बम आणि १९८० चा 'आय अ‍ॅम अ रिबेल' हे दोन्ही मी निष्ठेने ऐकले, पण ते पुन्हा लावावेसे वाटले नाहीत. दुसऱ्या अल्बमचे शीर्षकगीत एसी-डीसी या ऑस्ट्रेलियन रॉक बँडमधल्या यंग बंधूंचे थोरले भाऊ अलेक्स यंग यांनी लिहिलेले आहे, आणि उसने आणलेले गाणे बँडच्या अंगाला नीट बसत नाही हे ऐकताना जाणवते. खरी सुरुवात १९८१ च्या 'ब्रेकर'पासून होते. तोपर्यंत ड्रमवर श्टेफान काउफमन आले होते, बाहेरच्यांच्या सूचना बँडने बाजूला सारल्या होत्या आणि डिर्कश्नायडरचा आवाज प्रथमच पूर्ण मोकळा सुटलेला ऐकू येतो.

१९८२ च्या 'रेस्टलेस अँड वाइल्ड'मधले 'फास्ट अ‍ॅज अ शार्क' हे पहिले गाणे मी या काळात सर्वांत जास्त वेळा ऐकले असावे. आधी खरखरणाऱ्या जुन्या तबकडीवर एक जुने जर्मन लोकगीत ऐकू येते, हलकेफुलके, सहलीला निघालेल्या मंडळींनी गावे तसे. मग सुई तबकडीवरून कर्रकन ओढली जाते, डिर्कश्नायडरची किंचाळी फुटते आणि काउफमन डबल बेस ड्रम, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायचे खर्जातले ड्रम, असा काही सुरू करतात की गाणे संपेपर्यंत श्वास घ्यायला जागा उरत नाही. स्पीड मेटल या शैलीच्या आरंभीच्या गाण्यांत याची गणना होते, आणि ती योग्यच आहे. त्याच अल्बमच्या शेवटी 'प्रिन्सेस ऑफ द डॉन' हे संथ, एकाच रिफवर, म्हणजे गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या सुरावटीवर, रेंगाळणारे गाणे आहे. इतक्या वेगाने सुरू झालेला अल्बम इतक्या संयमाने संपवण्याची हिंमत मला अजूनही थक्क करते. या अल्बमचे ध्वनिमुद्रण ओबडधोबड आहे. हेडफोनवर झांजांचा आवाज काही वेळाने टोचतो, स्पीकरवर मात्र तोच जिवंत वाटतो.

१९८३ च्या अखेरीस आलेला 'बॉल्स टू द वॉल' हा बँडचा सर्वांत प्रसिद्ध अल्बम, आणि अमेरिकेत गोल्ड म्हणजे पाच लाख प्रतींचे प्रमाणपत्र मिळवणारा. शीर्षकगीताचा रिफ अगदी साधा आहे, ठेका सावकाश आहे आणि दडपलेली माणसे एक दिवस उठतील हा आशय ध्रुवपदातल्या समूहस्वरामुळे थेट अंगावर येतो. गीतलेखनात डेफी या टोपणनावाने बँडच्या व्यवस्थापक गाबी हाउके यांचा वाटा होता. समाजाच्या कडेला लोटलेल्या माणसांबद्दलची ही गाणी आणि अल्बमचे मुखपृष्ठ यांवरून अमेरिकेत बरीच चर्चा झाली. मला हा अल्बम आवडतो, पण शेवटची दोन-तीन गाणी पहिल्या चारांच्या तोलाची नाहीत, हे अनेकदा ऐकल्यावर लपत नाही.

'मेटल हार्ट' (१९८५) मात्र दर खेपेस वाढतच गेला. स्कॉर्पिअन्स या जर्मन रॉक बँडचे निर्माते डीटर डीर्क्स यांनी तो ध्वनिमुद्रित केला आणि बँडला प्रथमच खरोखर स्वच्छ, भरीव आवाज मिळाला. शीर्षकगीत चायकोव्हस्कीच्या 'स्लाव्हॉनिक मार्च'च्या सुरावटीने उघडते आणि मध्यावर हॉफमनची गिटार बेथोव्हेनचे 'फ्युर एलिझे' वाजवू लागते. पियानो शिकणाऱ्या मुलांनी घासून गुळगुळीत केलेली ती सुरावट इथे आधी जवळजवळ जशीच्या तशी येते, मग तिला ताण दिला जातो, स्वर ओढले जातात आणि बघता बघता ती पूर्णपणे गिटारची होऊन जाते. अभिजात संगीत सजावट म्हणून चिकटवणारे मेटल वादक पुष्कळ आहेत. हॉफमनच्या बाबतीत ते वाक्यरचनेतच मुरलेले आहे. निर्मिती गुळगुळीत असूनही अल्बम बोथट होत नाही, कारण वरचा करकरीत आवाज आणि खालची शिस्त दोन्ही जागेवर आहेत. म्हणूनच पुढे जे बिघडले त्याचा दोष स्वच्छ ध्वनिमुद्रणाला देणे मला पटत नाही.

'रशियन रूलेट' (१९८६) या युद्धविरोधी सुराच्या अल्बमनंतर बँड आणि डिर्कश्नायडर वेगळे झाले. अमेरिकन श्रोत्यांसाठी अधिक सुरेल दिशा हवी, असा विचार त्यामागे होता. गंमत अशी की डिर्कश्नायडरच्या यू.डी.ओ. या नव्या बँडच्या पहिल्या अल्बमची गाणी मुख्यतः अ‍ॅक्सेप्टच्याच मंडळींनी रचून दिली. इकडे अमेरिकन गायक डेव्हिड रीस यांच्यासह १९८९ मध्ये 'ईट द हीट' आला. रीस उत्तम गायक आहेत, त्यांचा पल्ला मोठा आहे, आणि नेमके तिथेच गणित चुकले : गोड आवाजाखाली गोड गिटार आली आणि ताणच उरला नाही. मी या अल्बमला प्रामाणिकपणे पुन्हा पुन्हा संधी दिली. वाईट एकही गाणे नाही, पण लक्षात राहील असेही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. त्यानंतर लवकरच बँड थांबला.

नव्वदच्या दशकातले डिर्कश्नायडरसह झालेले पुनर्मीलन मला संमिश्र वाटले. 'ऑब्जेक्शन ओव्हररूल्ड' (१९९३) ताठ आणि नेटका आहे. 'डेथ रो' (१९९४) काळाच्या ओघाप्रमाणे जड आणि विनाकारण लांब झाला आहे, आणि 'प्रिडेटर' (१९९६) थकलेल्या माणसांनी केल्यासारखा ऐकू येतो. पाठोपाठ बँड पुन्हा विसर्जित झाला आणि हॉफमन छायाचित्रणाकडे वळले.

म्हणूनच २०१० चा 'ब्लड ऑफ द नेशन्स' ऐकताना सुखद धक्का बसतो. या वेळी डिर्कश्नायडर परतले नव्हते. त्यांच्या जागी न्यू जर्सीच्या टीटी क्विक या बँडचे माजी गायक मार्क टॉर्निलो आले. त्यांचा गळा खरखरीत आहे, पण ते नक्कल करत नाहीत, आणि निर्माते अँडी स्नीप यांनी समूहस्वराला त्याचे जुने वजन परत दिले. 'ट्युटॉनिक टेरर' हे गाणे नव्या श्रोत्याला बँडची ओळख म्हणून खुशाल ऐकवावे. मूळ गायकाशिवायचा बँड म्हणजे नावाचा धंदा, असे म्हणणाऱ्यांनी हा अल्बम आणि 'स्टालिनग्राड' (२०१२) सलग ऐकावेत. 'ब्लाइंड रेज' (२०१४) हा तर जर्मनीत पहिल्या क्रमांकावर पोहोचलेला त्यांचा पहिला अल्बम ठरला; ज्या काळाला बँडचे सुवर्णयुग म्हणतात त्या काळातही हे घडले नव्हते.

पुढच्या तीन अल्बमांबद्दल माझे समाधान कमी आहे. 'द राइज ऑफ केऑस' (२०१७), 'टू मीन टू डाय' (२०२१) आणि 'ह्युमनॉइड' (२०२४) यांत कारागिरी उत्तम आहे, पण साचा घट्ट झाला आहे. कुठे रिफ थांबेल आणि कुठे समूहस्वर येईल, हे आधीच कळू लागते. २०१८ मध्ये बाल्टेस बाहेर पडल्यापासून जुन्यांपैकी एकटे हॉफमनच उरले आहेत, आणि गाणी रचताना त्यांना अडवणारे दुसरे जुने कान नाहीत, असे मला राहून राहून वाटते.

प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणांत १९८५ मध्ये ओसाका येथे मुद्रित झालेला आणि १९९० मध्ये प्रकाशित झालेला 'स्टेइंग अ लाइफ' माझ्याकडे सर्वाधिक वाजतो. २०१७ मध्ये जर्मनीतल्या वाकेन या मेटल संगीत महोत्सवात वाद्यवृंदासह झालेला 'सिम्फनिक टेरर' पाहायला भव्य आहे. नुसता ऐकताना वाद्यवृंद गिटारच्या मागे दबतो.

नव्याने ऐकणाऱ्याने पहिल्या अल्बमपासून सुरुवात करू नये. आधी 'मेटल हार्ट', मग 'रेस्टलेस अँड वाइल्ड', आणि ते पचनी पडल्यावर थेट 'ब्लड ऑफ द नेशन्स'. मधली पंचवीस वर्षे नंतर भरून काढता येतात. 'डेथ रो' आणि 'प्रिडेटर' विकत घेण्याची घाई करू नये. 'ईट द हीट' मात्र एकदा तरी पूर्ण ऐकावा, आणि तोही 'रशियन रूलेट'च्या लगेच पाठोपाठ.