आगुंबे की आकेरी? आवडत्या मालिकेच्या गावी जायचं तर

मावशी निवृत्त झाली त्याच आठवड्यात तिचा फोन आला. "इतकी वर्षं नुसतं म्हणत होते, आता जायचंच. 'मालगुडी डेज'मधल्या स्वामीचं घर बघू की 'रात्रीस खेळ चाले'मधल्या अण्णा नाईकांचा वाडा? चार दिवस आहेत, दोन्ही नाही जमायचं. तू दोन्हीकडे जाऊन आलायस, सांग बघू." अर्धा तास बोललो तरी बरंच सांगायचं राहिलं. ते इथे लिहितो, कारण हाच प्रश्न पडलेले आणखी बरेच जण असतील.

मालगुडी नावाचं गाव नकाशावर नाही. ते आर. के. नारायण यांनी कल्पनेतून उभं केलं. शंकर नाग यांनी १९८६ च्या सुमारास दूरदर्शनसाठी 'मालगुडी डेज' केली, तेव्हा त्या कल्पनेतल्या गावाला जागा मिळाली ती कर्नाटकातल्या आगुंब्यात. शिवमोग्गा जिल्ह्यातलं, घाटमाथ्यावरचं हे चिमुकलं गाव. शंकर नाग आपल्यालाही परके नव्हेत. मुंबईत मराठी रंगभूमीवर त्यांनी उमेदवारी केली होती. मालिकेची रेखाचित्रं काढणारे आर. के. लक्ष्मण म्हणजे नारायण यांचे धाकटे भाऊ, आणि त्यांचे शेवटचे दिवस पुण्यात गेले.

दुसरीकडे 'रात्रीस खेळ चाले'. २०१६ च्या फेब्रुवारीत झी मराठीवर ती सुरू झाली, पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये आणखी दोन भाग आले. मराठी मालिका म्हणजे मुंबईतला सेट, हे इतकं ठरून गेलं होतं की खरा वाडा, खरं परसू आणि घराघरातली मालवणी ऐकून कोकणातली माणसं टीव्हीसमोरून हलेनात. तो वाडा सिंधुदुर्गात, सावंतवाडी आणि कुडाळच्या मधल्या आकेरी गावात आहे.

माझं मत आधीच सांगतो. मालिकेच्या जगात एक रात्र राहून यायचं असेल तर आगुंबे. मालिका हे निमित्त आणि खरी ओढ कोकणाची असेल, तर आकेरी.

आगुंब्यात स्वामीचं घर म्हणून दिसलेली वास्तू म्हणजे दोड्डमने. कन्नडमध्ये 'दोड्ड' म्हणजे मोठं, 'मने' म्हणजे घर. आपण थोरला वाडा म्हणू. शंभरहून अधिक वर्षांचं हे घर आहे. मधोमध मोकळा चौक, भोवती लाकडी खांब, वर कौलं. पावसात चौकात पागोळ्या पडत असतात आणि तुम्ही भोवतीच्या पडवीत कोरडे बसलेले असता. मालिकेत पाहिलेली चौकट आणि डोळ्यांसमोरची चौकट इतकी जुळते की मी काही वेळ बोललोच नाही. स्वामी शाळेतून घरी येतो ते दार, वडील, म्हणजे गिरीश कार्नाड, रागावतात ती जागा, हे शोधत फिरण्यात तास गेला.

पण या घराची खरी किंमत त्याच्या अगत्यात आहे. हे चालतं घर आहे, संग्रहालय नाही. तिथलं कुटुंब वर्षानुवर्षं प्रवाशांना ठेवून घेत आलं आहे. जेवण साधं शाकाहारी, भात-सार-भाजी, आणि मसाल्याचा गरम कषाय. दरपत्रक नाही, पाहुण्याने मनाला येईल ते द्यायचं, अशी त्या घराची ख्याती आहे. म्हणूनच जाण्याआधी चौकशी करा, जागा आहे का विचारा, आणि निघताना हात आखडू नका. हॉटेलात असतो तसं वागून चालत नाही. आपलं ताट आपण उचलावं, पहाटे मोठ्याने बोलू नये, आतल्या खोल्यांत विचारल्याशिवाय शिरू नये. रंगीत पलंगपोस आणि खोलीला लागून न्हाणीघर हवं असणाऱ्यांनी दुसरीकडे उतरावं आणि दोड्डमने दिवसा पाहून यावं. त्यात काही वाईट नाही.

आकेरीचं नेमकं उलट आहे. वाडा खाजगी मालकीचा आहे आणि राहण्याची सोय म्हणून तो बांधलेला नाही. मालिका ऐन भरात असताना तो बघायला गाड्या भरभरून लोक येत. अंगणाबाहेरून बघणं आणि कोणी भेटलं तर परवानगी मागून आत डोकावणं, एवढीच अपेक्षा ठेवून जा. आत जायला मिळालं तर ती घरच्यांची कृपा. माझं आजोळ त्याच भागातलं, त्यामुळे हे मला जरा जास्त लागतं. कॅमेरा उचलून थेट ओटीवर चढणारी माणसं मी पाहिली आहेत. पडद्यावरच्या भुताखेतांवरून मोठमोठ्याने ओरडणारीही पाहिली आहेत. मालिका सुरू झाली तेव्हा ती अंधश्रद्धा पसरवते, कोकणाचं चुकीचं चित्र दाखवते, म्हणून सिंधुदुर्गातून विरोध झाला होता. गावाच्या मनात ते अजून असू शकतं. तेव्हा "इथे भूत दिसतं का हो?" असं कुणाला विचारू नका.

मग आकेरीला जाऊन मिळतं काय? वाडा बघून होतो अर्ध्या तासात. पण तिथून पाय निघत नाही तो भोवतालामुळे. आकेरीचं रामेश्वराचं देऊळ, माडाच्या बागा, चिऱ्याचे गडगे, आणि वाटेत भेटणाऱ्या कुणाच्याही तोंडची 'खंय चल्लास?' मालिकेतल्या पांडूची बोली तिथे रस्त्यावर जिवंत ऐकू येते. ही भाषा कानावर पडावी म्हणून तिथे जावं, असं मी मावशीला सांगितलं. आगुंब्यात तुम्हाला कन्नड येत नसेल तर हे सुख नाही. तिथे खुणा आणि मोडक्या हिंदीवर भागवावं लागतं. सावंतवाडीत मोती तलाव, चितारआळीतली लाकडी खेळणी, राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि पुढे आंबोलीचा घाट. दोन दिवस भरगच्च जातात. जेवणात वडे-कोंबडी आणि सोलकढी असताना इतर काही शोधायची गरज नाही.

आता प्रवास. मुंबईकराला दोन्ही ठिकाणांसाठी कोकण रेल्वेच धरायची. आकेरीसाठी कुडाळ किंवा सावंतवाडी रोडला उतरायचं. लक्षात ठेवा, सावंतवाडीचं स्टेशन शहरात नाही, मळगावला आहे. पुढे रिक्षा. पुणे-कोल्हापूरकडून आजरा-आंबोलीमार्गे गाडीने उतरता येतं. आगुंब्यासाठी मत्स्यगंधा एक्सप्रेसने उडुपी गाठायचं. गाडी दुपारी मुंबईतून निघते आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमारास उडुपीला पोचवते. तिथून आगुंबे सुमारे ५५ किलोमीटर, शेवटी सोमेश्वरहून चढणारा चौदा वळणांचा घाट. घाटात मिनीबस चालतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी रिकाम्या पोटी बसू नये आणि पुढची जागा धरावी. मावशीचे गुडघे दुखतात, पण घाट चढायचा तो बसने, त्यामुळे तिला त्याची भीती नाही. भीती आहे ती पावसातल्या निसरड्या पायऱ्यांची.

कधी जायचं हा प्रश्न आगुंब्याच्या बाबतीत फार मोलाचा आहे. या गावाला दक्षिणेचं चेरापुंजी म्हणतात. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. जुलैत गेलात तर ते घर, ते धुकं, ते थेंब, सगळं हृदयात घर करेल, पण जळवा पायाला चिकटतील, कपडे वाळणार नाहीत, दरड पडून घाट बंद होण्याची धास्ती राहील आणि सूर्यास्ताच्या ठिकाणी ढगांशिवाय काही दिसणार नाही. आकाश मोकळं असलं तर तिथून दूर अरबी समुद्रावर सूर्य बुडताना दिसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी पहिल्यांदा जाणाऱ्याला सुचवेन. याच दिवसांत त्या बाजूला यक्षगानाचे, म्हणजे तिथल्या पारंपरिक नृत्यनाट्याचे, मेळे रात्र रात्र चालतात, आणि इकडे सिंधुदुर्गात जत्रांमधून दशावतार. म्हणजे दोन्हीकडे रात्रीचा खेळ हिवाळ्यातच. हा योग साधता आला तर मालिकेपेक्षाही मोठं काही पाहायला मिळेल. आकेरीला पावसाळ्यात जायलाही हरकत नाही, फक्त कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं ते पाहून घ्या.

आगुंब्याला जाणाऱ्यांचा हमखास चुकणारा एक हिशोब आहे. मालगुडीचं रेल्वे स्टेशन आगुंब्यात नाही. तिथे रेल्वेच नाही. मालिकेतलं स्टेशन म्हणजे शिवमोग्गा-ताळगुप्पा मार्गावरचं अरसाळू. तिथली जुनी इमारत रेल्वेने दुरुस्त करून २०२० मध्ये मालगुडी संग्रहालय केलं. मालिकेचे कलादिग्दर्शक जॉन देवराज यांचाच त्या कामात हात होता, आणि ते जाणवतं. पण आगुंब्याहून तिथे जाऊन यायचं म्हणजे अख्खा दिवस. त्यापेक्षा जाताना उडुपी आणि परतताना शिवमोग्गा असा मार्ग आखा, म्हणजे स्टेशन वाटेतच साधेल, आणि तीर्थहळ्ळीजवळ कुप्पळीला कवी कुवेंपूंचं घरही पाहता येईल. शृंगेरी आगुंब्यापासून तासाभरावर आहे. ज्यांच्या घरात देवदर्शनाशिवाय सहल होत नाही त्यांना यावर राजी करता येतं.

लहान मुलं बरोबर असतील तर? दहा-बारा वर्षांच्या मुलांना आगुंबे आवडतं, पण आधी त्यांना स्वामीच्या चार-पाच गोष्टी दाखवा, नाहीतर त्यांना ते एक जुनं घर वाटेल. आकेरीला मुलांना न्यायचं तर वाड्यासाठी नेऊ नका. भीतीची मालिका आहे, लहान मुलांनी ती पाहिलेली नसते, पाहू पण नये. त्यांना चितारआळीत न्या.

मावशीचं ठरलं ते असं. या डिसेंबरात चार दिवस आगुंबे, दोड्डमनेत एक रात्र, परत शिवमोग्ग्यावरून. आकेरी पुढच्या वर्षी, जत्रांच्या दिवसांत, आजोळी मुक्काम करून. सहा-सात दिवस ज्यांच्या हाताशी असतील त्यांना मात्र दोन्ही एकाच खेपेत जमतं. सावंतवाडीला दोन रात्री राहून तिथूनच उडुपीची गाडी पकडायची, वाटेत गोवा आणि काळी नदी बघत पाच-सहा तासांत पोचायचं. तिकिटं दोन वेगळी काढावी लागतात आणि दुसरं तिकीट आधी काढावं, कारण मधल्या स्टेशनांना जागा कमी असते. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती थोडी गप्प झाली. मग म्हणाली, "थांब, मी काकांना रजा वाढवायला सांगते."